पाण्यातले देव

त्या हिवाळ्यात अक्काच्या घरी सगळ्यांचंच जेवण अळणी होतं. तिचे पाय सुजले होते, हातातल्या बांगड्या निघत नव्हत्या, आणि डिस्पेन्सरीतल्या डॉक्टरीणबाईंनी मीठ बंद करायला सांगितलं होतं. मी दोन वेगळ्या भाज्या करायला निघाले तर दाजी म्हणाले, राहू दे, एकीच्या पानात मीठ नाही आणि बाकीचे चवीनं जेवतायत, हे बरं दिसत नाही. दाजी म्हणजे अक्काचे यजमान. मिनिस्ट्रीत कारकून होते, उंच, थोडे वाकलेले, घरात फार बोलत नसत. त्यांनी असं म्हटल्यावर मग आम्ही सगळेच तसं खायला लागलो. अळणी वरण, अळणी दुधी, अळणी मेथी. बाजरीची भाकरी तेवढी बरी लागायची. ज्वारी तिकडे दिल्लीला मिळत नसे, पण हिवाळ्यात बाजरीचं पीठ मिळायचं, आणि अक्काला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नसे. साडेतीन वर्षांची मंजू, अक्काची मुलगी, तिला मात्र मी मुठीत चिमूटभर मीठ लपवून द्यायची. ती बोट चाटत स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायची आणि माझ्याकडे बघून हसायची.

मी तिथं गेले होते ते अक्काच्या बाळंतपणासाठी. माझी शाळा गावात चौथीपर्यंतच झाली, पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि मुलींना कुणी पाठवत नसे. त्यानंतर मी घरीच होते. वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांना सोडून आईला निघता येईना, म्हणून मला पाठवलं. मी तेव्हा चौदा-पंधराची असेन. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला न्हाऊमाखू घालणारी, माझ्या उवा काढणारी तीच. तिचं लग्न होऊन ती दिल्लीला गेली तेव्हा मी आठ दिवस जेवले नव्हते म्हणे. त्यामुळे दिल्लीला जायचं म्हटल्यावर मला शहराची भीती वाटली नाही, अक्काकडे जायचं एवढंच डोक्यात होतं. भीती नंतर वाटली. तिथं दाराबाहेर पाऊल टाकलं की सगळं हिंदी. मला थोडंफार कळायचं, पण बोलायला गेलं की जीभ टाळूला चिकटायची. दुधाच्या डेपोवर मी रांगेत उभी राहायची आणि काही न बोलता बाटल्या पुढे करायची. दाजी म्हणायचे, "वत्सूला आणलं दिल्लीला, पण तिचं तोंड गावीच राहिलं." अक्का हसायची आणि म्हणायची, येईल मागून पार्सलनं.

आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरला दोन खोल्या, मागे छोटं अंगण आणि पुढे गवताचा एक चौकोन होता. सकाळी धुक्यात समोरचे क्वार्टर दिसायचे नाहीत, नुसते आवाज यायचे. कुणाची तरी स्कूटर लवकर सुरू व्हायची नाही, कुणाच्या रेडिओवर भजन लागलेलं असायचं, आणि दुलईतला कापूस पिंजणारा आपल्या धनुकलीची तार छेडत फिरायचा. त्या तारेचा आवाज मला गावाकडे कधी ऐकू आला नव्हता. तो ऐकला की मला उगाच रडू यायचं. धुकं उतरलं की अकरा-साडेअकराला सगळ्या बायका खाटा घेऊन गवतावर यायच्या. कुणी मटार सोलायचं, कुणी केस वाळवायचं, पण प्रत्येकीच्या हातात विणकाम असायचंच. आमच्या शेजारच्या सक्सेना चाची त्यांतल्या सगळ्यांत वडील. कानपूरकडच्या, जाड, गुडघ्यांनी अधू, मोठ्या आवाजाच्या. बोलताना त्या सुयांकडे बघतही नसत. माझ्या पायात मोजे नाहीत हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि चौथ्या दिवशी मोजे विणून दिले. मी त्यांना काहीच म्हणाले नाही, आभारसुद्धा मानले नाहीत. घेतले आणि आत पळाले.

अक्काचे देव स्वयंपाकघरातल्या सिमेंटच्या फळीवर होते. एक अन्नपूर्णा, एक रांगता बाळकृष्ण आणि सासरकडून आलेला खंडोबाचा टाक. फार नव्हते, पण अक्का रोज आंघोळ झाली की त्यांच्यासमोर उभी राहून हळू आवाजात बोलायची. स्तोत्रं वगैरे तिला येत नव्हती. आज मंजूला ताप आहे, आज ह्यांची बढतीची यादी लागणार आहे, असं आपल्या माणसाला सांगावं तसं सांगायची. आमच्या आईची सवय तिनं उचलली होती. आईची आणखी एक रीत होती. घरात जिवावरचं दुखणं आलं की ती देव पाण्यात ठेवायची. माझ्या भावाला विषमज्वर झाला होता तेव्हा तांब्याच्या घंगाळात देव सात दिवस बुडवून ठेवलेले मी पाहिले होते. पाणी रोज बदलायचं, पण देव वर काढायचे नाहीत. माणूस बरं होऊन उठलं की मगच काढायचे. देवाचा जीव गुदमरला की तो धाव घेतो, असं आई म्हणायची. भाऊ बरा झाला. त्यामुळे त्या रीतीबद्दल आमच्या दोघींच्या मनात काही शंका नव्हती.

सातवा महिना संपत आला होता. एका सकाळी अक्का उठली ती डोकं धरूनच. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणाली. डिस्पेन्सरीतून लगेच चिठ्ठी मिळाली, मोठ्या हॉस्पिटलात न्या. दाजी टॅक्सी आणायला गेले. अक्का खुर्चीवर बसून होती, अंगावर दोन शाली, तोंड सुजून निराळंच दिसत होतं. तिनं मला जवळ बोलावलं. "वत्सू, देव पाण्यात ठेव," ती म्हणाली. "मी बाळाला घेऊन आले की दोघी मिळून काढू. तोवर हात लावू नकोस." मी हो म्हटलं. टॅक्सी गेल्यावर मी सगळ्यांत मोठं पितळी पातेलं घासून घेतलं, पाणी भरलं आणि एकेक करून देव आत सोडले. टाक तळाशी जाऊन आडवा पडला, अन्नपूर्णा बसली तशीच बसली, आणि बाळकृष्ण थोडा कलंडला. पाणी इतकं गार होतं की माझी बोटं लाल झाली.

त्यानंतरचे दिवस सगळे एकसारखे गेले. दाजी ऑफिसातून परस्पर हॉस्पिटलात जायचे, तिथल्या बाकावर बसायचे, सकाळी घरी येऊन आंघोळ करून पुन्हा जायचे. मी त्यांच्याबरोबर डबा द्यायची. आत एकालाच सोडत होते, म्हणून मला अक्काला भेटता येत नव्हतं. ती काय म्हणाली असं मी विचारायची आणि दाजी रोज तेच सांगायचे, मंजूची आठवण काढत होती. मंजू खिडकीत बसून टॅक्सीची वाट बघायची. मी रोज सकाळी पातेल्यातलं पाणी बदलायची, तेही देव उघडे पडू नयेत म्हणून एका बाजूनं ओतत आणि दुसऱ्या बाजूनं भरत. झाकण ठेवायची नाही. आई ठेवत नसे.

सहाव्या दिवशी सकाळी दाजी आले ते दारातच बसले. बूट काढले नाहीत. मी चहा पुढे ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. मग जमिनीकडे बघत म्हणाले, बाळ गेलं. पोटातच. डॉक्टर म्हणतात दोन दिवसांपूर्वीच गेलं असावं. आणि अक्काला झटके येतायत, शुद्ध नाही, आज काय होईल ते सांगता येत नाही. एवढं बोलून त्यांनी अक्काचं एक जुनं लुगडं मागून घेतलं आणि पुन्हा गेले. कशासाठी, बाळाला गुंडाळायला का, ते मी विचारलं नाही. कळलं होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यापुढे बसले. देव पाण्यातच होते. दोन दिवसांपूर्वीही पाण्यातच होते, मीच पाणी बदललं होतं. माझ्या हातून काही चुकलं असेल का म्हणून मी एकेक दिवस आठवून पाहिला. काही चुकलं नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुपारी सक्सेना चाची मंजूसाठी खिचडी घेऊन आल्या. त्यांना दाजींनी जाताना सांगितलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही, नुसता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. भांडं ठेवायला त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच त्यांचा आवाज आला. "हे राम, ठाकुरजी को इस ठंड में पानी में किसने डाल दिया? मंजू ने?" त्यांना वाटलं, मंजूनं खेळता खेळता देव पाण्यात टाकले. त्यांच्या घरी ठाकुरजींना, म्हणजे बाळकृष्णाला, हिवाळ्यात लोकरीचं झबलं असायचं, टोपी असायची, निजताना छोटी रजई असायची. त्याला कोमट पाण्यानं न्हाऊ घालायच्या. त्यांच्या दृष्टीनं हे म्हणजे तान्ह्या पोराला कुणी हौदात सोडून दिल्यासारखं होतं. मी दारात उभी होते. असू द्या, ते मुद्दाम ठेवलेत, आमच्याकडे अशी रीत आहे, एवढंच सांगायचं होतं. मराठीत सांगितलं असतं तरी त्यांना कळलं असतं. "गुडिया, बोल तो सही," त्या म्हणाल्या. मी बोलले नाही. त्यांनी बाह्या वर केल्या आणि देव बाहेर काढले.

मी बघत राहिले. त्यांनी तिघांनाही पदरानं पुसलं, कानाकोपऱ्यातलं पाणी टिपलं, बाळकृष्णाला तोंडाजवळ धरून त्याच्यावर श्वास सोडला. मग घरी जाऊन एक लोकरीचा तुकडा घेऊन आल्या, त्यात तिघांना गुंडाळलं आणि मागच्या खिडकीत ऊन येत होतं तिथं ठेवलं. जाताना मला म्हणाल्या, बच्चे का ध्यान रखना, वो तेरी दीदी का ध्यान रखेंगे. कुठल्या बच्च्याचं, मंजूचं की बाळकृष्णाचं, ते मला कळलं नाही.

त्या गेल्यावर मी देव पुन्हा पाण्यात ठेवायला उठले. हे मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे, कुणाला सांगितलं नाही. पातेलं तिथंच होतं, पाणीही होतं. मी लोकर बाजूला केली आणि बाळकृष्णाच्या पाठीला बोट लावलं. उन्हानं ती कोमट झाली होती. मला त्याला परत त्या पाण्यात सोडवेना. चाचींनी बाहेर काढलं ही एक गोष्ट, ती त्यांनी अजाणतेपणी केली. पण त्यांच्या पाठीमागे दुपारभर मी ते बाहेर राहू दिले ते जाणून. बाळ गेलंच आहे, आता अक्कालाही न्यायचं असेल तर तुझी मर्जी, माझ्याच्यानं हे होत नाही, असं काहीतरी मी मनात म्हणाले. प्रार्थना वगैरे नव्हती ती. मग मंजूला मांडीवर घेऊन त्या खिडकीखाली बसले आणि ऊन सरकत गेलं तशी त्या लोकरीची गुंडाळी सरकवत राहिले. मला वाटत होतं की मी अक्काला मारते आहे. तरी मी ते पाण्यात ठेवले नाहीत. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी मनात कशा राहतात ते मला अजून सांगता येणार नाही.

दिवे लागायच्या सुमाराला दाजी आले. ह्या वेळी त्यांनी बूट काढले आणि सांगितलं. तीनच्या आसपास अक्कानं डोळे उघडले, पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, आता धोका टळला. एवढं सांगून ते भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. मी स्वयंपाकघरात गेले आणि घाईघाईनं देव पुन्हा पाण्यात ठेवले. अक्कानं सांगितलं होतं, मी येईपर्यंत. ते मोडलं असं तिला कळू नये, एवढाच तेव्हा विचार होता. पण माझ्यापुरतं मला एक कळलं होतं. बाळ गेलं तेव्हा देव पाण्यात होते. अक्का वाचली तेव्हा ते उन्हात, लोकरीत होते. ह्याचा अर्थ काय लावायचा हे मला त्या वयात कळलं नाही आणि आता सत्तरीकडे झुकलेल्या वयातही मी छातीठोकपणे सांगणार नाही. मी आता दिल्लीतल्याच द्वारकेला मुलाकडे असते. माझ्या खोलीच्या खिडकीवरून विमानं इतक्या खालून जातात की लिहिता लिहिता थांबावं लागतं. नातवाची अर्धी कोरी वही मी मागून घेतली आहे. हिशेब लिहायला हवी, असं सांगितलं.

अक्का दहा दिवसांनी घरी आली. चाचींनी दारात तिच्यावरून पाणी ओवाळून टाकलं. ती कुणाकडे न बघता आत आली, मंजू पायाला येऊन बिलगली तर तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिला उचललं नाही. मी म्हटलं, देव काढूया ना आता? ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पातेल्याकडे खूप वेळ बघत होती. मग म्हणाली, "राहू देत तिथंच." आणि जाऊन झोपली.

ते राहिले. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. मी रोज पाणी बदलायची, तरी पितळेवर हिरवट डाग चढायला लागले. टाकाच्या कडा काळ्या पडल्या. दिवा नाही, फूल नाही. दाजींनी एकदा भीत भीत विषय काढला, त्यांना ती म्हणाली, तुम्हांला पाहिजे असतील तर तुम्ही काढा. दाजी देवाचं काही करणाऱ्यांतले नव्हते. अक्का दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. सूज उतरली होती आणि तिच्या अंगाची नुसती काडी झाली होती. मी भाकरी करायची, तीतला एक तुकडा मोडून ती बाकीची परत द्यायची. बाहेर गवतावर बायका बसलेल्या असायच्या, त्यांचं हसणं खिडकीतून आत यायचं, ते ऐकू आलं की ती खिडकी लावायला सांगायची. चाची रोज येऊन तिच्या पायांशी बसून जायच्या. त्यांनाही ती उत्तर देत नसे. चाची उठताना म्हणायच्या, रो ले बेटी, एक बार रो ले. अक्का रडली नाही. घरी आल्यापासून एकदाही नाही.

एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते. फार गळायला लागले होते, फणीत गुंतवळ यायचं ते मी तिला दिसू नये म्हणून मुठीत धरायची. ती आपणहून बोलली. "पाण्यात होते ना गं ते? सगळे दिवस?"

मी हो म्हटलं.

"मग?" ती म्हणाली. "आईनं ठेवले तेव्हा धावला. माझ्या वेळी नाही धावला. आता कुणाच्या भरवशावर राहायचं?" थोड्या वेळानं तिनं विचारलं, "वत्सू, मी नसले तर तू मंजूला सांभाळशील ना? ह्यांना नाही जमायचं."

असं का बोलतेस, मी म्हणाले. ती म्हणाली, उगाच विचारलं. पण ती उगाच विचारणाऱ्यांतली नव्हती. त्या दिवसापासून मी रॉकेलचा डबा मागच्या अंगणात कोळशाच्या पोत्यामागे ठेवायला लागले आणि ती न्हाणीघरात गेली की दाराशी उभी राहायला लागले. दाजींना सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? तिनं फक्त एक प्रश्न विचारला होता. चाचींना सांगावं तर हिंदीत असं काही मला आलं नसतं.

दोन-तीन दिवस मी तिच्या त्या एका बोलण्यावरच विचार करत होते. कुणाच्या भरवशावर राहायचं. बाळ गेल्याचं दुःख तर होतंच, पण तिला खरं मोडलं होतं ते ह्यानं. तिनं देवाजवळ मागितलं होतं, रीतीनं मागितलं होतं, आणि त्यानं ऐकलं नव्हतं. चूल पेटवताना, भांडी घासताना मला तेच दिसत राहिलं. आणि मग एका सकाळी त्या पातेल्यात पाणी भरता भरता मला वाटलं, त्याच्यावरचा हा आळ दुसऱ्या कुणावर गेला तर? देव पाण्यात नव्हतेच असं झालं तर त्याची चूक राहत नाही. रीत मोडली म्हणून तो आला नाही, असं होतं. मग त्याच्यावर पुन्हा भरवसा ठेवता येतो.

खरं काय ते सांगून चालणार नव्हतं. खरं सांगितलं तर बाळ पाण्यातल्या देवांसमोरच गेलं होतं, आणि मधे चाचींचं नाव आलं असतं. त्या बाईंनी लोकरीत गुंडाळलेल्या देवासाठी शेजारधर्म तुटला असता. म्हणून मी दिवस बदलले आणि माणूसही बदललं. माझं आयुष्यातलं सगळ्यांत मोठं खोटं ते. एरवी खोटं बोलायला जेवढं तोंड उघडावं लागतं तेवढंही मी उघडत नसे.

मी तिच्या खाटेशी जाऊन उभी राहिले. मंजू खाली कपड्यांच्या गाठोड्यावर खेळत होती. "अक्का," मी म्हणाले, "देव पाण्यात नव्हते."

ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "काय?"

"तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ते बाहेर काढले. फार थंडी होती. मला बाळकृष्णाची कीव आली. मग दाजी येऊन सांगून गेले, तेव्हा भिऊन परत ठेवले."

ती वळली. मग हातावर जोर देऊन उठून बसली. इतक्या दिवसांत ती कुणाच्या आधाराशिवाय बसली नव्हती. "परवा विचारलं तेव्हा हो म्हणालीस."

"भ्याले."

"म्हणजे चार-पाच दिवस ते बाहेर होते."

"हो."

"चाची म्हणाल्या काढायला?"

"त्यांना काय माहीत आपलं," मी म्हणाले. "मीच काढले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आईसारखे डोळे होते तिचे, पिंगट. मला वाटलं, आता ही ओळखणार, कारण लहानपणी माझं कुठलंच खोटं तिच्यापुढे टिकलं नव्हतं. पण तिला ते खरं हवं होतं. तिचा हात वर आला आणि माझ्या गालावर बसला. तिच्या हातात तेव्हा काही जोर नव्हता, तरी मी खाली बसले. तिनं आपलाच हात दुसऱ्या हातात धरला, त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला रडू फुटलं. असं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मंजू घाबरून माझ्या मागे लपली. अक्का बाळासाठी रडत होती, माझ्या नावानं रडत होती, मधेच आईला हाका मारत होती. शेजारच्या घरातल्या बोलण्याचा आवाज थांबला होता. चाची ऐकत असणार, पण त्या आल्या नाहीत.

होळी झाल्यावर दाजींच्या ऑफिसातलं एक मराठी कुटुंब सुट्टीला गावी निघालं, त्यांच्या सोबतीनं तिनं मला परत पाठवलं. निघताना तिनं मला नवं लुगडं नेसवलं, वाटेत खायला दशम्या दिल्या, पण माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. आईला तिनं कारण कळवलं नाही, तेवढं तिचं मोठेपण. पुढे माझं लग्न दिल्लीतल्याच मुलाशी झालं, आमचं येणं-जाणं राहिलं, तिला मुलगा झाला तेव्हा मी महिनाभर तिच्याकडे राबले. पण तिच्या देवांची भांडी तिनं मला कधी घासू दिली नाहीत. मी त्या फळीकडे गेले की ती आपणहून मधे यायची, राहू दे गं, मी करते, म्हणायची. हे चाळीस वर्षांहून जास्त चाललं. गेल्या वर्षी ती गेली. शेवटच्या दुखण्यात मी तिच्या उशाशी होते, सांगावं असं दोन-तीनदा ओठांवर आलं. नाही सांगितलं. तिचा भरवसा शाबूत होता, तो मी कशाला हलवू?

पण मला लिहायचं आहे ते त्या सकाळचंच. रडून झाल्यावर अक्का उठली. न्हाणीघरात गेली, मी सवयीनं दाराशी उभी राहिले, आत तांब्याचा आवाज आला तसा माझा जीव भांड्यात पडला. ओल्या केसांनी ती स्वयंपाकघरात गेली आणि दाराचा पडदा ओढून घेतला. मला आत यायची बंदी होती, ते तिनं सांगितलं नाही, मला कळलं. मी मंजूला घेऊन पडद्याच्या अलीकडे जमिनीवर बसले. पातेल्यातलं पाणी मोरीत ओतल्याचा आवाज आला. मग चिंचेनं पितळ घासल्याचा, खूप वेळ. काडी ओढल्याचा. आणि मग तिचा आवाज आला, तो जुना, आपल्या माणसाशी बोलताना असायचा तसा हळू.

"इतके दिवस तुला बोल लावला," ती म्हणत होती. "मला काय ठाऊक. पोरीच्या हातून झालं ते पोटात घाल. अजाण आहे ती. माझं नेलंस ते नेलंस, पण तिच्यावर कोपू नकोस. तिला काही होऊ देऊ नकोस. जन्मभर तिला सांभाळ."

माझा गाल तेव्हा चुरचुरत होता. मी कपाळ गुडघ्यांवर टेकलं. खोट्यामुळे मागितलं गेलेलं मागणं त्याच्यापर्यंत पोचतं का, हे विचारावं असं मला आजवर कुणी भेटलं नाही. पण मी ते पोचलं असं धरून चालले. त्यानंतर माझं काही चांगलंच झालं असं नाही. वडील गेले, एक मूल माझंही राहिलं नाही, त्या साथीच्या वर्षी माझे यजमान अकरा दिवस हॉस्पिटलात एकटे होते आणि मग परत आले नाहीत. सुनेनं तेव्हा विचारलं, आई, तुमच्यात देव पाण्यात ठेवतात ना, ठेवूया का? मी नको म्हटलं. मी रोज दोन वेळा देवांना कोमट पाण्यानं धुतलं, पुसलं आणि जागेवर ठेवलं. अंधार झाला की अक्काचे ते शब्द मनात म्हणायचे. ज्या माणसाला मी सगळ्यांत जास्त दुखावलं असं वाटत होतं, त्यानं स्वतःचं सगळं गेलेलं असताना माझ्यासाठी मागितलं होतं. तेवढ्यावर मी आजवर उभी आहे. यजमान गेल्यावरही उभी राहिले.

पडद्याआड ती बोलतच होती. मंजूनं माझी हनुवटी वर केली आणि विचारलं, आई कुणाशी बोलतेय. देवाशी, मी म्हणाले. काय बोलतेय, तिनं विचारलं. मी तिला कडेवर घेतलं आणि बाहेर गवतावर गेले, कारण त्याच्यापुढचं ऐकायचा मला हक्क नव्हता.